एका शब्दाचे काका

एका इंग्रजी शब्दाशी ज्यानं तीस-पस्तीस वर्षं संसार केला, असा माणूस इंदुरात काय, इंग्लंडातही दुसरा सापडायचा नाही. शब्द तरी केवढा? तीन अक्षरांचा, पहिलीतल्या पोराच्या पुस्तकात चित्रासकट असणारा: सिट. सिट म्हणजे बसणे. आपण सगळे तो शब्द एकदा शिकतो आणि जन्मभर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. आमच्या शेजारच्या टाइमऑफिसवाल्या काकांना मात्र तो शब्द पुरा समजला असं कधी वाटलंच नाही, आणि तो दुसऱ्या कुणाला समजला असेल यावर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

अन्नपूर्णेच्या देवळामागच्या गल्लीत आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. ते कापड मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. कोण कामगार कोणत्या पाळीला आला, कधी गेला, याची हजेरी ठेवायचं त्यांचं काम. सकाळी सहाला ते सायकल काढायचे, पँटच्या पायाला क्लिप लावायचे आणि अर्धं इंदूर ओलांडून मिलमध्ये जायचे. अंगानं किडकिडीत, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, खिशाला दोन पेनं. एक निळं हजेरीसाठी आणि एक लाल, जगाच्या चुका दुरुस्त करण्यासाठी. लाल पेन जास्त झिजायचं.

त्यांच्या घरी पाहुणा गेला की त्याला चटकन बसता येत नसे. घरात दोन खुर्च्या हातांच्या होत्या, दोन बिनहातांच्या. पाहुणा टेकायच्या बेतात असला की काका हात वर करायचे. "थांबा. ही हातांची आहे. हिच्यात तुम्ही बसाल ते 'इन'. त्या तिकडच्या खुर्चीला हात नाहीत. तिच्यावर बसाल ते 'ऑन'. आता सांगा, तुम्हाला 'इन' बसायचं आहे की 'ऑन'?" माझे वडील वीज खात्यात होते आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून दमलेले असायचे. ते सरळ जमिनीवर सतरंजीवर बसायचे. तिथेही सुटका नव्हती. "सतरंजीवर 'ऑन' बरं का," असं काका वरून सांगायचेच. काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत आणि म्हणत, "अहो, आधी टेकू तर द्या त्यांना. व्याकरण काय पळून जाऊन राहिलं आहे का?" काकू बालवाडीत शिकवायच्या. त्यांच्या मते त्यांच्याकडे बालवाडीत चाळीस मुलं होती आणि घरी एक.

बारावीच्या परीक्षेला मी निघाले, तेव्हा दारात काका उभे, मिलला त्या दिवशी सुट्टी होती. मी पाया पडले आणि म्हणाले, "काका, पेपर द्यायला चाललेय." झालं. "कोणाला देतेस? पेपर तुझ्या बापाचा आहे का द्यायला? इंग्रज परीक्षा देत नाही, इंग्रज परीक्षेला बसतो. सिट फॉर. बोल." मी दही हातावर घेतलेलं, घड्याळात पावणेसात वाजलेले, आणि मी दारात उभी राहून तीनदा 'सिट फॉर' म्हणतेय. आई माझी खिडकीतून कपाळावर हात मारून घेत होती. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी इंग्रजीच्या पेपरात रिकाम्या जागा भरायला नेमकं तेच वाक्य आलं, आणि तो एक गुण काकांचा होता. मी हे त्यांना सांगायची चूक केली. पुढचा महिनाभर गल्लीतल्या प्रत्येक परीक्षार्थ्याला दारात अडवलं गेलं.

पुतणीच्या लग्नासाठी त्यांनी कृष्णपुऱ्याकडच्या एका शिंप्याकडे कोट शिवायला टाकला होता. मी आणि काकू बरोबर होतो. कोट अंगावर चढवून ते आरशासमोर उभे राहिले. खांद्यावर तो जरासा उचलला गेला होता. काका शिंप्याला म्हणाले, "भिया, ये कोट सिट नहीं हो रहा." शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "बाबूजी, कोट कहीं बैठता है? बैठना तो आपको है, शादी में." काकांना एवढा आनंद झाला! त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि कोटही कसा बसतो, कोंबडी अंड्यांवर कशी बसते, संसद कशी बसते, कोर्ट कसं बसतं आणि सरकारी साहेब फायलीवर कसा बसतो, हे त्याला अर्धा तास सांगितलं. शिंपी फक्त शेवटच्या उदाहरणाला मान डोलवत होता. कोट शेवटी तसाच राहिला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत काका एक खांदा वर करून उभे आहेत, जणू कुणी तरी काही तरी विचारलं आणि यांना ते माहीत नाही.

त्यांच्याकडे एक वही होती. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्यावर मराठी. घसा बसला, धूळ बसली, धक्का बसला, दातखिळी बसली, विश्वास बसत नाही, कामाची घडी बसली, नको ते करून बसलो. उजवं पान गच्च भरलेलं आणि समोरचं डावं कोरं. मला ते पान दाखवून ते मोठ्या समाधानानं म्हणायचे, "बघ बेटा, इतक्या ठिकाणी आपण बसतो आणि इंग्रज बिचारा उभाच्या उभा."

मग मिल बंद पडली. ते एकदम झालं नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी. मग दोन-दोन दिवस भोंगा वाजेनासा झाला. टीव्हीवर परदेशी चॅनेलं यायला लागली होती, बाजारात नव्या-नव्या वस्तू आल्या होत्या, जो तो म्हणत होता की आता देशाचं दार उघडलं. आमच्याकडे नेमकं एक दार लागलं. एका सकाळी काका नेहमीसारखे मिलवर पोचले, तर फाटकाला कुलूप आणि कुलपाच्या शेजारी इंग्रजीत टाइप केलेला कागद. समोर शे-दोनशे कामगार उभे. काकांना बघताच त्यांनी वाट करून दिली. "बाबूजी आ गए. बाबूजी, पढ़ो जरा."

काकांनी चष्मा पुसला आणि कागद वाचला. एकेक वाक्य इंग्रजीत वाचायचं आणि हिंदीत सांगायचं, असं चाललं होतं. शेवटचं वाक्य त्यांनी नुसतं मनात दोनदा वाचलं. साचेखात्यात माग चालवणारा रामरतन म्हणून एक कामगार होता, पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा. त्यानं विचारलं, "मतलब, मिल बैठ गई?"

एरवी या वाक्यावर काकांनी तासभर घेतला असता. त्या दिवशी ते नुसते म्हणाले, "हाँ भिया. बैठ गई."

हे मला काकूंनी सांगितलं. काकांनी घरी येऊन एवढंच सांगितलं होतं आणि मग पँटच्या पायाची क्लिप न काढताच ते दुपारपर्यंत पलंगावर पडून होते.

कामगारांनी फाटकासमोर धरणं धरलं. काका कारकून, म्हणजे स्टाफमधले. युनियनच्या वाटेला ते जन्मात गेले नव्हते आणि आताही जाणार नव्हते. पण पाचव्या-सहाव्या दिवशी, जुन्या सवयीनं म्हणा, सायकल तिकडे वळली. भोपाळहून कुणी मोठे साहेब येणार होते, म्हणून कामगारांनी एक इंग्रजी पाटी रंगवली होती. रंगवणारा रामरतनच. 'आम्ही इथेच बसणार' असं त्याला लिहायचं होतं, पण त्यानं 'सिट'च्या जागी 'सीट' लिहिलं होतं. बसणेच्या जागी खुर्ची! काका सायकलवरून असे उतरले जणू कुणाला अपघात झालाय. सायकल तशीच टाकून त्यांनी रंगाचा डबा मागितला.

"रामरतनजी, ये गलत है. सीट मतलब कुर्सी. मतलब बैठने की जगह."

रामरतननं पाटीकडे बघितलं, मग काकांकडे. "तो बाबूजी, गलत क्या है? अपनी जगह ही तो माँग रहे हैं."

काका ब्रश हातात धरून उभे राहिले. रंग ओघळून चपलेवर पडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी ब्रश डब्यात ठेवला, आणि विचार करायला म्हणून तिथेच सतरंजीच्या कडेला बसले. ते अकरा दिवस बसले. रोज सकाळी घरून डबा घेऊन जायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. काकू म्हणायच्या, "मिल चालू होती तेव्हा सुट्ट्या तरी घ्यायचे." ती पाटी त्यांनी सुधारली नाही. लाल पेनवाल्या आयुष्यात त्यांनी हात न लावलेली ती एकच चूक. साहेब आले, गाडीतून उतरले, पाटी वाचली, मान हलवून गेले. मिल काही उघडली नाही.

त्या वर्षी मी बी.ए. होऊन एका इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासमध्ये ऑफिसचं काम बघायला लागले होते. तेव्हा इंदुरात हे क्लास पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवत होते. काका घरात बसून भिंतीकडे बघतात, हे मला बघवेना. मी आमच्या सरांना गळ घातली आणि काकांचा एक नमुना-तास ठरवला. सर म्हणजे पंचविशीतला टायवाला मुलगा, पण मनाचा चांगला. काकांनी तो लग्नातला कोट घातला. एक खांदा वर करून ते वर्गात उभे राहिले आणि चाळीस मिनिटं त्या एकाच शब्दावर बोलले. पोरं सुरुवातीला त्यांना हसत होती, नंतर त्यांच्याबरोबर हसायला लागली. एक मुलगी तर डोळे पुसत होती. शेवटी टाळ्या झाल्या, खऱ्या टाळ्या. सर म्हणाले, "अंकल, मज़ा आ गया! लेकिन अपने को छह हफ़्ते में पूरी इंग्लिश निपटानी है, और आप तो एक ही शब्द पे बैठ गए."

काका हसले. "बिलकुल दुरुस्त," असंही म्हणाले.

परत येताना आम्ही सवारीच्या टेंपोत समोरासमोर बसलो होतो. राजवाडा मागे गेला. मग काका एकदम म्हणाले, "मी बाविशीचा होतो, बेटा. नोकरीचा पहिला महिना. एक मुकादम माझ्या खुर्चीवर येऊन बसायचा अन् उठायचा नाही. मी मॅनेजरसाहेबाला इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. रात्रभर डिक्शनरी बघून लिहिला. 'मुकादम माझ्या खुर्चीत बसतो' याला मी 'सिटिंग'च्या जागी 'सीटिंग' लिहिलं. म्हणजे तो दुसऱ्याला बसवून राहिला आहे, असा अर्थ झाला. साहेबानं मला बोलावलं आणि अख्ख्या ऑफिससमोर ते मोठ्यानं वाचलं. कोणाला बसवतो आहे? मांडीवर बसवतो आहे का? सगळे हसले. मुकादमही हसला. त्याला तर इंग्रजी येतही नव्हतं." टेंपोनं गचका दिला. "पाऊण तास मी उभा होतो. बस कुणी म्हणालं नाही."

मी म्हणाले, "काका, आज पोरं हसली ती तशी नव्हती."

"ते समजलं मला," ते म्हणाले. "म्हणून तर सांगून राहिलो."

त्यानंतर आठवड्याभरात रामरतन आमच्या गल्लीत आला. शहराबाहेर एक नवीन कंपनी उघडली होती, काचेच्या दारांची. तिथे फाटकावर माणूस हवा होता, पण आल्या-गेल्याशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलणारा. रामरतन हात जोडून म्हणाला, "बाबूजी, तीस बरस साँचा चलाया. अब जबान चलाना सिखा दो."

काकांनी दुसऱ्याच दिवशी पुढच्या खोलीत वर्ग उघडला. वेळ सकाळी सातची, म्हणजे पहिल्या पाळीची. रामरतनबरोबर आणखी चौघे आले, पुढच्या आठवड्यात अकरा. काका आधी हजेरी घ्यायचे, मिलमध्ये घ्यायचे तशी, आणि उशिरा आलेल्याकडे चष्म्याच्या वरून बघायचे. सगळ्यांनाच काही नोकऱ्या हव्या होत्या असं नाही. दोघे-तिघे तर मला वाटतं नुसते पहाटे उठून कुठे तरी जायची सवय मोडवेना म्हणून येत. मोठमोठ्या हातांची ती माणसं मांडी घालून ओळीत बसायची आणि एका सुरात म्हणायची, "प्लीज बी सीटेड, सर." काकू चहाचं आधण वाढवत राहायच्या. भिंतीपलीकडे आमच्या घरी वडील दाढी करता करता तेच म्हणायला लागले होते.

काकांचा रामरतनला मुख्य उपदेश असा होता की नुसतं 'सिट' कधी म्हणायचं नाही. "वो कुत्ते को बोलते हैं, रामरतनजी. आदमी को इज्जत से. प्लीज बी सीटेड." रामरतन तो शब्द घेऊन गल्लीभर फिरला. भाजीवालीला म्हणाला, माझ्या आईला म्हणाला, बालवाडीच्या दारात रडणाऱ्या एका पोराला म्हणाला, आणि ते पोर खरंच बसलं.

मुलाखतीच्या दिवशी काका त्याच्याबरोबर बसनं गेले आणि कंपनीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली थांबले. मी गेले नव्हते, पण त्या संध्याकाळी रामरतननं पुढच्या खोलीत तो सगळा प्रसंग आम्हा सगळ्यांसमोर करून दाखवला. आत एक तरुण साहेब खिडकीशी उभा राहून फोनवर बोलत होता. त्यानं रामरतनकडे न बघताच बोट खुर्चीकडे दाखवलं आणि म्हणाला, "सिट."

"मैं खड़ा रहा," रामरतन म्हणाला.

"फिर?" काकांना हे आधीच दोनदा सांगून झालं होतं, तरी त्यांनीच विचारलं.

"फिर उसने देखा मेरी तरफ. बोला, सिट, सिट! मैंने मन में कहा, बाबूजी ने क्या बताया है? मैंने हाथ ऐसे आगे किया और बोला, सर, यू प्लीज बी सीटेड फर्स्ट."

साहेबानं फोन ठेवला म्हणे. मग हसून खरंच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "अब आप भी बैठिए." सोमवारपासून रामरतन निळ्या गणवेशात त्या काचेच्या दाराशी उभा राहणार होता.

खोलीत एकच गोंधळ उडाला. काकूंनी शेव काढली, कुणी तरी कचोऱ्या आणायला धावलं. काका मात्र चष्मा काढून तो पुसत होते, आणि तो काही केल्या स्वच्छ होईना. मी जवळ गेले तर हळूच म्हणाले, "ते 'फर्स्ट' मी शिकवलं नव्हतं. ते त्याचं आहे." मग जरा वेळानं, "व्याकरणात बसतं पण."

तो वर्ग तीन-चार वर्षं चालला. काहींना कामं मिळाली, काहींना नाही. कुणी गावी गेले, कुणी ठेला लावला. काकांना दुसरी नोकरी कधीच मिळाली नाही आणि त्यांनी ती नंतर शोधलीही नाही. माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. सुरुवातीला त्यांची पत्रं यायची, आणि माझ्या उत्तरांत लाल पेनानं खुणा करून तीच मला परत यायची. नवऱ्याला वाटायचं की माझं माहेर फार कडक आहे.

एका वर्षी दिवाळीनंतर आईचा फोन आला की काकांना अर्धांगाचा झटका आला, जीव वाचला, पण बोलणं गेलं. मला लगेच निघणं जमलं नाही. दोन महिन्यांनी गेले. ज्या दिवशी परतीची गाडी होती, त्या दुपारी त्यांच्याकडे गेले, कारण आधीचे दोन दिवस धीरच होत नव्हता. काय बोलायचं अशा माणसाशी, ज्याच्याशी आपण जन्मभर फक्त शब्दांवरच बोललो?

ते खिडकीशी पलंगावर होते. उशीला टेकून, दाढी केलेली, स्वच्छ सदरा. मला बघून त्यांचे डोळे मोठे झाले. तोंड हललं, पण आवाज आला तो कुठल्याच शब्दाचा नव्हता. त्यांनाही ते कळलं आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. मी दारातच उभी. मग त्यांनी चालता हात टेकवून स्वतःला कसंबसं भिंतीकडे सरकवलं. वेळ लागला त्याला. पलंगाची एवढीशी कड मोकळी झाली. तिथे त्यांनी तळहातानं दोनदा थोपटलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी बसले. काकूंनी चहा आणला, तो मला तिथेच हातात दिला आणि त्या आत गेल्या. खिडकीबाहेर शाळा सुटली होती. पोरं ओरडत चालली होती. काकांनी त्यांचा चांगला हात माझ्या हातावर ठेवला होता आणि तो ते काढत नव्हते. आईनं दोनदा भिंतीपलीकडून हाक मारली, सामान बांधलं का म्हणून. मी ओ दिली नाही.

गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेले.